शोकनायकाची चूक : ‘हमार्तिया’, ‘स्वभावदोष’ आणि ‘एकच प्याला’तील सुधाकर

चिंचवडच्या मोरया गोसावी देवस्थानाकडे ज्या गणेशक्षेत्रांची व्यवस्था परंपरेने चालत आलेली आहे, त्यांत थेऊरच्या चिंतामणीचा समावेश होतो. या थेऊर येथे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरले माधवराव पेशवे क्षयरोगाने निधन पावले. त्या वेळी त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. पानिपतच्या पराभवानंतर विस्कटलेली राज्याची घडी ज्याने अकरा वर्षांत पुन्हा बसविली, अशा पुरुषाचा हा अकाली अंत महाराष्ट्राच्या मनात कायमचा सलत राहिला. विनायक जनार्दन कीर्तने यांनी १८६१ मध्ये ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक लिहिले, तेव्हा त्यांनी हाच विषय निवडला. आणि मराठीतील आरंभीच्या स्वतंत्र गद्य नाटकांपैकी एक असलेली ही कृती नायकाच्या मृत्यूत संपली. नायकाचा वध रंगभूमीवर दाखवू नये, हा संस्कृत नाट्यशास्त्राचा दंडक होता. भासाच्या नावावर असलेल्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन प्रेक्षकांसमोर प्राण सोडतो हे खरे, परंतु ते नाटक विसाव्या शतकाच्या आरंभी उजेडात आले. कीर्तने यांच्यासमोर तो आधार नव्हता. त्यांनी उचललेले पाऊल त्यामुळे धाडसाचे ठरते.

तथापि येथे एक प्रश्न उपस्थित होतो. ज्याच्या मृत्यूने प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येते, तो प्रत्येक नायक शोकनायक म्हणावयाचा काय? माधवरावांच्या रोगाचा त्यांच्या कोणत्याही कृतीशी कार्यकारणसंबंध नाही. त्यांनी वेगळा निर्णय घेतला असता तर क्षय टळला असता, असे म्हणता येत नाही. त्यांचा अंत शोककारक आहे. परंतु तो त्यांच्या हातून घडलेला नाही, त्यांच्यावर येऊन पडलेला आहे. मराठी समीक्षेत ‘शोकांतिका’ या शब्दाशेजारी ‘शोकात्मिका’ हा शब्द आला, तो हाच भेद दाखविण्यासाठी. पहिल्या शब्दाने नाटकाचा शेवट सांगितला जातो, दुसऱ्याने नाटकाचा आत्मा. शेवट शोकमय असूनही नाटक शोकात्म नसेल, हे शक्य आहे. हा भेद नायकाच्या स्वभावाशी कोठे जोडला जातो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी मराठी रंगभूमीवरील सर्वपरिचित शोकनायक, राम गणेश गडकरी यांचा सुधाकर, हे मुख्य उदाहरण घेतले आहे.

१

ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या तेराव्या अध्यायात शोकनायकाची निवड निरसनपद्धतीने केली आहे. सर्वथा सज्जन मनुष्य सुखातून दुःखात पडला, तर प्रेक्षकाला करुणा वा भीती वाटत नाही. त्याला उबग येतो. दुर्जनाचा उत्कर्ष दाखविला, तर तो सर्वांत अधिक अशोकात्म. अत्यंत दुष्ट मनुष्य कोसळला, तर न्याय झाल्याचे समाधान मिळेल. पण करुणा उपजणार नाही, कारण करुणा ही अपात्री आलेल्या दुःखाविषयी असते, आणि भीती ही आपल्यासारख्याच माणसाच्या दुःखाने वाटते. उरतो तो मधला मनुष्य: गुणाने व न्यायबुद्धीने अलौकिक नसलेला, आणि ज्याचे पतन दुष्टपणामुळे किंवा नीचपणामुळे होत नाही, तर कोणत्या तरी ‘हमार्तिये’मुळे होते असा.

या वाक्याची रचना लक्षपूर्वक पाहिली पाहिजे. ॲरिस्टॉटलने ‘हमार्तिया’ हा शब्द दुष्टपणाच्या विरोधात ठेवला आहे. पतनाचे कारण नायकाच्या दुर्गुणात शोधू नये, असेच तो सांगतो. असे असताना विद्यापीठीय विवेचनात मात्र या शब्दाला ‘स्वभावदोष’ हा प्रतिशब्द रूढ झाला. शेक्सपिअरच्या नायकांवरील ए. सी. ब्रॅडली यांची १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेली व्याख्याने इंग्रजीच्या अभ्यासक्रमात वर्षानुवर्षे वाचली गेली. ब्रॅडली यांचे विवेचन सूक्ष्म आहे. पण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपर्यंत येता येता त्यातून एक सोपा तक्ता तयार झाला: ऑथेल्लोचा दोष संशय, मॅक्बेथचा महत्त्वाकांक्षा, हॅम्लेटचा दिरंगाई. गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतर ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध केले. नायकाच्या विनाशाचे मूळ मनोविकारांत शोधण्याची दृष्टी या शीर्षकातच दिसते. एकदा दोष नायकाच्या अंगी चिकटविला, की नाटकाचे काम सोपे होते: दोष, त्याची शिक्षा आणि प्रेक्षकाला बोध. परंतु मग ते शोकनाट्य राहत नाही, नीतिकथा होते.

२

‘हमार्तिया’ या नामाच्या मुळाशी असलेले ग्रीक क्रियापद होमरच्या महाकाव्यात भाला फेकणाऱ्या योद्ध्याच्या संदर्भात येते. फेकलेला भाला लक्ष्याला लागला नाही, हा त्याचा अर्थ. पुढे त्याला ‘भ्रम होणे’, ‘चुकीचे पाऊल पडणे’ असे अर्थ आले; आणि बायबलच्या नव्या करारातील ग्रीकमध्ये तोच शब्द ‘पाप’ या अर्थाने स्थिरावला. ॲरिस्टॉटलचा शब्द वाचताना उत्तरकाळातील हा पापवाचक अर्थ मागे सरकून त्यावर पडतो, आणि ‘स्वभावदोषा’च्या कल्पनेला बळ मिळते.

मराठीत या शब्दाला जवळचा शब्द शोधावयाचा, तर संस्कृत कोशाकडे धाव घेण्याची गरज नाही. तो नित्याच्या वापरातला ‘चूक’ हा शब्द होय. ‘नेम चुकला’, ‘वाट चुकली’, ‘वेळ चुकली’, ‘हिशेब चुकला’ या सर्व प्रयोगांत ‘चुकणे’ याचा अर्थ साधावयाचे ते न साधणे असा आहे. आणि त्याच धातूपासून ‘चूक’ हे नैतिक व्यवहारातले नाम बनले आहे. होमरच्या भाल्यापासून ॲरिस्टॉटलच्या संज्ञेपर्यंतचा प्रवास मराठीने एका शब्दात जपून ठेवला आहे. इतकेच नव्हे, तर बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘चुक्क’ हा ‘भ्रंश्’ या संस्कृत धातूचा आदेश म्हणून नोंदविला आहे. भ्रंश म्हणजे घसरणे, खाली पडणे. नेम चुकणे आणि पतन होणे, या दोन्ही कल्पना या शब्दाच्या इतिहासात अशा एकत्र नांदतात.

शब्दाच्या अर्थाइतकाच त्याचा व्याकरणातील वर्तनक्रम बोलका आहे. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापदाचा कर्ता सामान्यतः ‘ने’ प्रत्यय घेतो: ‘त्याने गुन्हा केला’, ‘त्याने पाप केले’. ‘चुकणे’ मात्र या नियमाला जुमानत नाही. ‘तो वाट चुकला’ असे म्हणतात. ‘त्याने वाट चुकली’ असे कोणी म्हणत नाही. आणखी एक रचना तर याहून सूचक आहे: ‘त्याचे चुकले’. येथे मनुष्य षष्ठीत आहे. तो कृतीचा सरळ कर्ता नाही. पण घडलेले त्याचेच आहे, ते दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाही. ‘त्याच्यात दोष आहे’ या वाक्यात एक स्थिर अवस्था सांगितली जाते, ‘त्याने पाप केले’ यात हेतुपूर्वक कृती सांगितली जाते. ‘त्याचे चुकले’ हे या दोहोंच्या मधले आहे, आणि शोकनायकाची जागा नेमकी तीच आहे.

सोफोक्लिसचा ईडिपस याचा आदर्श नमुना होय. थीब्ज नगरावरील अरिष्ट दूर करण्यासाठी तो राजहत्या करणाऱ्याचा शोध आरंभतो. त्याच्या प्रत्येक पावलामागे प्रजेविषयीची काळजी आणि सत्याचा आग्रह आहे. कॉरिंथहून आलेला दूत त्याचे भय घालवू पाहतो, आणि त्याच्याच बोलण्याने सर्व उलटे होते. ज्या गुणामुळे ईडिपस राजपदाला पोहोचला, तो बुद्धीचा आणि निर्धाराचा गुणच त्याला त्याच्या विनाशापाशी नेतो. त्याच्या ठायी दोष मुळीच नाहीत असे नाही. तो तापट आहे. पण त्या तापटपणाला शिक्षा म्हणून ही आपत्ती आली, असे म्हणणे नाटकाला क्षुद्र करणे होय.

३

‘एकच प्याला’ प्रथम रंगभूमीवर आले ते १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीकडून. त्याच वर्षी २३ जानेवारीला गडकऱ्यांचे निधन झालेले होते. आपली ही कृती त्यांना रंगमंचावर पाहता आली नाही. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडस यांचा सुधाकर यांनी हे नाटक महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचविले. मद्यपाननिषेधाचे नाटक अशी त्याची ख्याती झाली, आणि तेथेच सुधाकराच्या व्यक्तिरेखेवर अन्याय होण्यास आरंभ झाला. सुधाकराचा स्वभावदोष कोणता, असे विचारले असता ‘दारू’ हे उत्तर तत्काळ मिळते. हे उत्तर चुकीचे आहे. कारण नाटक सुरू होते तेव्हा सुधाकर दारू पीत नाही.

नाटकाच्या आरंभीचा सुधाकर गरिबीतून स्वतःच्या बुद्धीच्या बळावर वर आलेला वकील आहे. त्याची पत्नी सिंधू श्रीमंत घरातली. रामलालसारखा जिवलग मित्र त्याला आहे. आपल्या कर्तृत्वाखेरीज दुसरा आधार नसलेल्या माणसाला मानाची जी जाणीव असते, ती त्याच्या ठायी तीव्र आहे. किंबहुना त्याच्या उत्कर्षाची प्रेरणा तीच आहे. न्यायालयात मुन्सफाशी त्याचा खटका उडतो आणि काही काळासाठी त्याची सनद रद्द होते. अपमानाची ही आग विसरण्यासाठी त्याचा कारकून तळीराम त्याच्यापुढे पहिला प्याला धरतो. सुधाकराला तहान लागलेली नाही, चैनही करावयाची नाही. त्याला आपला दुखावलेला मान शांत करावयाचा आहे. नेम मानाच्या रक्षणावर धरला आहे. तो चुकतो, आणि मानासकट सर्वच हातचे जाते.

स्वभाव म्हणजे काय, याविषयी ॲरिस्टॉटलचे एक सूत्र येथे उपयोगी पडते. काय करावे अथवा काय टाळावे हे स्पष्ट नसताना मनुष्य जी निवड करतो, तिच्यातून त्याचा स्वभाव प्रकट होतो. स्वभाव ही नायकाच्या अंगावरील खूण नव्हे. तो निवडीच्या क्षणी दिसतो. या दृष्टीने पाहिले असता सुधाकराच्या निवडींत एक सुसंगती आढळते. सासरच्या संपत्तीचा आश्रय त्याला सहन होत नाही. मध्यंतरी दारू सोडण्याचा निश्चय करून तो नोकरीच्या शोधात निघतो, तेव्हा प्रतिष्ठितांकडून होणारी अवहेलना त्याच्या जिव्हारी लागते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. पहिला प्याला आणि हा नंतरचा प्याला, दोहोंच्या आधी अपमान आहे. ज्या मानीपणाने त्याला घडविले, त्यानेच त्याला मोडले. मानीपणाला दोष म्हणावयाचे, तर तो नसता तर सुधाकर वकील झाला नसता, हेही म्हणावे लागेल. ईडिपसच्या सत्यशोधाची जी गत, तीच सुधाकराच्या मानीपणाची.

ईडिपसहून सुधाकर एका बाबतीत वेगळा आहे, आणि गडकऱ्यांचे खरे सामर्थ्य तेथे दिसते. ईडिपसला सत्याचे ज्ञान अखेरीस होते. ते होताच नाटक संपते. सुधाकराला मात्र अंतिम आपत्तीच्या पुष्कळ आधी सर्व काही कळलेले आहे. व्यसन माणसाला पायरीपायरीने कसे खाली नेते, हे तो रामलालला इतक्या तर्कशुद्धपणे समजावून सांगतो, की एखाद्या वकिलाने स्वतःच्याच विरुद्ध खटला चालवावा. ज्ञान आले, पण ते उपयोगी पडले नाही. ग्रीक नाट्यात अज्ञान माणसाला पाडते. येथे ज्ञान असूनही माणूस पडतो. सुधाकराविषयी वाटणाऱ्या करुणेत जी घुसमट आहे, तिचे कारण हे आहे.

४

या ठिकाणी एक गंभीर आक्षेप संभवतो. नाटकाच्या शेवटी नशेच्या भरात सुधाकराच्या हातून स्वतःच्या मुलाचा जीव जातो आणि सिंधूलाही जीवघेणा मार बसतो. अशा माणसाविषयी करुणा वाटावी काय? तो दयेला पात्र आहे, की दंडाला?

विशेष म्हणजे ॲरिस्टॉटलने स्वतःच मद्यप्याच्या उत्तरदायित्वाची चर्चा नीतिशास्त्रावरील ग्रंथात केली आहे. अज्ञानामुळे केलेली कृती आणि अज्ञानाच्या अवस्थेत केलेली कृती यांत तो भेद करतो. मद्यप्याची कृती दुसऱ्या प्रकारची. नशेत गुन्हा करणाऱ्यास दुप्पट शिक्षा देणाऱ्या कायद्याचा तो उल्लेख करतो, आणि कारण देतो की प्यावे की न पिऊ नये, हे त्या मनुष्याच्या हाती होते. हातून सुटलेला दगड परत घेता येत नाही. परंतु तो फेकणे वा न फेकणे हे फेकणाऱ्याच्या स्वाधीन असते, असा दृष्टान्तही त्याने दिला आहे.

हा विचार मान्य केला, तर सुधाकराची चूक शेवटच्या अंकात शोधून भागत नाही. शेवटच्या अंकातील भयंकर कृत्य हा सुटलेला दगड आहे. चूक घडली ती तो शुद्धीवर असताना, पहिल्या प्याल्याच्या वेळी. तो क्षण पाहता पाहता निसटण्यासारखा आहे. कोणत्याही न्यायालयात तो गुन्हा ठरणार नाही. ॲरिस्टॉटलने मोठ्या हमार्तियेचा उल्लेख केला आहे. पण तिचा मोठेपणा परिणामात असतो, दिसण्यात नव्हे. प्रेक्षकाला भीती वाटते ती याचसाठी. मुलाला ठार मारण्याची कल्पना त्याला स्वतःविषयी करता येत नाही. अपमान गिळण्यासाठी एकदा चुकीचा आधार घेण्याची कल्पना मात्र प्रत्येकाला करता येते.

नाटकाच्या शीर्षकाने हे सर्व आधीच सांगून ठेवले आहे. ‘एकच’ या शब्दातील ‘च’ हे अव्यय मराठीत दोन कामे करते. आग्रह करणाऱ्याच्या तोंडी ‘एकच’ म्हणजे ‘एकाहून अधिक नाही’. येथे ‘च’ मर्यादा घालतो, धोका लहान करून दाखवितो. निवाडा देणाऱ्याच्या तोंडी ‘एकच’ म्हणजे ‘तोच एक, दुसरे काही नाही’. येथे ‘च’ कारण निश्चित करतो. तळीरामाचा ‘एकच’ पहिल्या प्रकारचा. नाटकाचा ‘एकच’ दुसऱ्या प्रकारचा. पहिल्या अंकात जो शब्द आमिष म्हणून येतो, तोच अखेरीस निर्णय होऊन परततो. विषमिश्रित प्याला ओठाला लावणाऱ्या सुधाकराला या दोन्ही अर्थांमधील अंतर कळलेले असते.

सिंधूविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. नाटकाची खरी शोकनायिका तीच, असे मत अनेकदा मांडले जाते. मरणाच्या दारात असतानाही ती पतीला वाचविण्यासाठी खोटी जबानी देते. ही तिची निवड आहे आणि तिच्यातून तिचा स्वभाव प्रकट होतो. परंतु तिचे दुःख तिच्या चुकीतून उद्भवत नाही. या अर्थाने ती माधवरावांच्या जवळची आहे. तिच्याविषयी करुणा वाटते, सुधाकराविषयी करुणा आणि भीती दोन्ही वाटतात. नाटक पेलून धरावयाचे तर दोघांचीही गरज आहे. पण शोकनायकाचे आसन सुधाकराचे आहे.

५

शोकनायक मोठ्या कीर्तीचा आणि वैभवाचा असावा, असे ॲरिस्टॉटलने म्हटले आहे. राजे गेल्यावर हे आसन कोणाला द्यावयाचे, हा प्रश्न विसाव्या शतकाने अनेक प्रकारे सोडविला. आर्थर मिलर यांनी १९४९ मध्ये सामान्य माणसाच्या शोकनायकत्वाची बाजू लेख लिहून मांडली. मराठीत ते काम तीस वर्षे आधीच एका वकिलाच्या व्यक्तिरेखेने केले होते. पुढे १९७० मध्ये वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राटा’त एक निवृत्त नट आपले सर्वस्व मुलांच्या स्वाधीन करून त्याच वाटेने गेला. दोघांपाशीही वंशपरंपरेचे वैभव नाही. त्यांची उंची त्यांनी स्वतः कमावलेली आहे. म्हणूनच तेथून पडण्याचा आवाज मोठा होतो.

जानेवारी २०२४ मध्ये अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे शंभरावे अधिवेशन पिंपरी-चिंचवड येथे भरले. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिल्यापासून या परिसराची ओळख कारखान्यांची नगरी अशी होत गेली. गावोगावहून आलेल्या माणसांनी हाताच्या कौशल्यावर, एखाद्या प्रमाणपत्रावर, पाळीच्या नोकरीवर येथे आपले स्थान निर्माण केले. अशा प्रेक्षकाला सिंहासनावरून पडणारा राजा दूरचा वाटेल. पण सनद गेलेला सुधाकर त्याला दूरचा वाटणार नाही. कमावलेला मान एका सहीने काढून घेतला जाऊ शकतो, आणि तो गेल्यावर मनुष्य कोणत्या आधाराकडे हात करील याचा भरवसा देता येत नाही, हे त्याला कोणी शिकविण्याची गरज नाही.

वर्गात सुधाकराचे पतन शिकविताना ‘स्वभावदोष’ हा शब्द वापरला, की विद्यार्थी निर्धास्त होतो: दोष सुधाकरात होता, तो आपल्यात नाही. ‘चूक’ हा शब्द वापरला, की तो निर्धास्त राहू शकत नाही. कारण चुकण्यासाठी वाईट असावे लागत नाही. नायकाला दोषमुक्त करणे हे शोकनाट्याचे काम नव्हे. सुधाकर जबाबदार आहे, आणि अखेरीस तो स्वतःही तसेच मानतो. परंतु जबाबदार ठरवूनही त्याच्याविषयीची करुणा शिल्लक ठेवणे, हे न्यायालयाला जमत नाही, नीतिपाठाला जमत नाही, शोकनाट्याला जमते. ‘त्याचे चुकले’ या दोन-तीन अक्षरी शब्दांच्या लहानशा वाक्यात मराठी भाषेनेही ते साधले आहे.